शनिवारचा खाडा

कुसगाव,
२१ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रतीक्षा,

सप्रेम जय भीम.

परवा मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "आबा, तुम्ही बोलू नका, लिहा. बोलताना तुम्हाला टाळ्या ऐकू येतात." आणि फोन ठेवलास. आधी मला राग आला. मग हसू आलं. हे वाक्य मला सुचलं असतं तर मी ते चार गावांच्या सभांत वापरलं असतं.

तर लिहितो. आधी माझी बातमी. गेल्या महिन्यात उर्स्याच्या सभेत बोलत असताना मध्येच छातीत कुणीतरी पोतं झटकावं तसं झालं. वाक्य विसरलो. रतन कांबळे वाक्य विसरला, ही आपल्या भागात बातमीच. तळेगावच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि सांगितलं की वरच्या कप्प्यातले ठोके विस्कटले आहेत. गोळ्या चालू आहेत. घाबरण्यासारखं नाही, आणि तुझी कीव मिळवायलाही हे लिहीत नाही.

लिहिण्याचं कारण दुसरं आहे. तू दर रविवारी आक्काला फोन करतेस, मला नाही. तक्रार नाही. पण गेल्या रविवारी फोन झाल्यावर आक्का माझ्यासमोर येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "पोरगी न्हाई म्हनतीया. पुन्यात येवढी जागा मिळतीया, काळजाच्या ठोक्याची नवी औषदं शोधायची. आन् म्हनती, आत्या, ज्या औषदानं मी आईला मारलं त्याच कामाला कुटल्या तोंडानं जाऊ? तीस सप्टेंबरपातुर सांगायचंय म्हनं."

आक्का म्हणाली, "आता का गप? येरवी तर इंजनासारखा चालू असतूस."

प्रतीक्षा, आपण दोघांनी जे कधी मोठ्यानं उच्चारलं नाही ते मी लिहून काढतो. आठ वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, तुझी आई डिगॉक्सिन अंगात साठून गेली. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, ठोके वेडेवाकडे पडायचे, त्यासाठी ती गोळी होती. शेवटच्या आठवड्यात तिला खोकला झाला. तू तेव्हा मुंबईत एम. फार्मच्या पहिल्या वर्षाला होतीस. तू फोनवरून एक अँटिबायोटिक सांगितलंस. त्या अँटिबायोटिकनं डिगॉक्सिन शरीरात अडकून राहतं, हे तुला हॉस्पिटलात कळलं. तेव्हापासून तू हैदराबादला आहेस. डॉक्टरेट केलीस, आणि इतकी शिकून एका कंपनीत लेबलांचे कागद तपासत बसली आहेस. त्यात माणूस मरत नाही म्हणून.

ही जागा तू घे. मी सांगतो म्हणून नव्हे. आपल्या चार पिढ्यांत नाडीला हात लावायचा तर वैद्य दुरून दोरी बांधून बघायचा, म्हणे. त्या घरातली मुलगी हृदयाच्या औषधाचा पुढचा रस्ता ठरवायला बसणार असेल तर ती खुर्ची सोडण्याचा अधिकार तुझा एकटीचा नाही. आणि तुझी चूक नव्हती. हे मी पूर्ण खात्रीनं लिहितो.

तुझा,
आबा


कुसगाव,
४ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रतीक्षा,

जय भीम. तुझं पाकीट मिळालं. आत एक ओळ. "माझी चूक नव्हती हे तुम्हाला कसं माहीत? पुरावा द्या."

माझ्याच घरात शिकलेली भाषा तू माझ्यावर उलटवलीस. बरं केलंस. उत्तर देतो, पण आज नाही. आज माझ्या हृदयाच्या डॉक्टर अरुंधतींकडे गेलो होतो, ते सांगतो. तुझ्या विषयाचंच आहे.

बाई चाळिशीच्या, चुणचुणीत. पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "आजोबा, तुमच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात गोंधळ चाललाय." मी म्हणालो, "डॉक्टर, आमच्या घरी छप्पन सालापासून गोंधळ घालत नाहीत." त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावली. म्हणाल्या, "हा गोंधळ ठोके न विचारताच घालतात. संबळसुद्धा त्यांचंच."

आज मी त्यांना स्पष्ट विचारलं, की या आजाराच्या औषधांचं पुढे काय होणार आहे? माझी मुलगी या कामात जाणार की नाही ते ठरायचं आहे, मला समजून घ्यायचं आहे. त्यांनी पुढच्या पेशंटला पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि वीस मिनिटं बोलल्या.

म्हणाल्या, आमच्याकडे दोनच वाटा. एक, ठोके वेडेवाकडे राहू द्यायचे, फक्त त्यांचा वेग आवरायचा. दुसरी, लय परत आणायची. शिवाय रक्त पातळ ठेवायचं, नाहीतर गुठळी मेंदूत जाते. लय आणणारी औषधं जुनी आहेत, आणि प्रत्येकाची काहीतरी खोड आहे. एक थायरॉइड बिघडवतं, दुसरं कमकुवत हृदयाला चालत नाही.

मी विचारलं, "नवीन का येत नाहीत?"

त्या म्हणाल्या, "भीती बसली, आजोबा. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना जादा ठोके दाबणाऱ्या गोळ्या देत असत. पट्टीवर ठोके सुरेख दिसायचे. सगळ्या डॉक्टरांची खात्री होती की आपण जीव वाचवतोय. मग कुणीतरी नीट चाचणी घेतली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. खऱ्या गोळीवाले जास्त मेले."

"पट्टी सुरेख असून?"

"पट्टी सुरेख असून."

इतकी वर्षं मी माईकसमोर उभा राहून सांगतोय की पुराव्याशिवाय काही मानू नका. आणि इथे विज्ञान शिकलेल्या माणसांनी स्वतःची खात्री हाच पुरावा धरला आणि माणसं गेली. पण बघ, चूक पकडली तीही त्यांनीच. देवळात अशी चाचणी कुणी घेतलेली मला माहीत नाही. हे माझं मत कायम आहे आणि राहील.

पुढचं त्यांनी सांगितलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. फक्त वरच्या कप्प्यावर काम करणारी औषधं शोधतायत, म्हणजे खालच्या कप्प्याला धोका नाही. धडधड सुरू झाली की घरच्या घरी नाकात मारायचा फवारा. मनगटावरचं घड्याळ पट्टी काढून डॉक्टरला पाठवतंय. बरेच लोक औषध सोडून मांडीतून तार घालून हृदयातली ती जागाच जाळून घेतात. मी म्हणालो, "मग औषधांचं काम संपलं?" त्या म्हणाल्या, "उलट. औषध जुनंच राहिलं तरी ते कुणाला किती द्यायचं, हे आम्ही अजून अंदाजानं करतो. रक्त, किडनी, जनुकं बघून ज्याचा त्याचा डोस ठरवता आला तर किती लोक वाचतील. आणि पेशंट घरी जाऊन ती गोळी कशी घेतो, त्याचं संशोधन तर कुणी करतच नाही."

शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या. मला घाम आला. बाईंनी लगेच नाडी धरली. मी म्हणालो, काही नाही, जिना चढून आलो. त्यांचा दवाखाना तळमजल्यावर आहे.

तुझा,
आबा


कुसगाव,
१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

प्रिय प्रतीक्षा,

पुरावा मागितलास. देतो.

तू लहान होतीस तेव्हाची एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाही. तुझी आई झुंबर शनिवार धरायची. तिच्या माहेरी बौद्ध झाल्यावरही तिची आई चोरून धरायची, तिथून ते आलं. मला कळलं तेव्हा मी घरात बोललो नाही. कुसगावच्या सभेत माईकवरून बोललो. "दुसऱ्याच्या घरातला अंधार काय सांगू, माझ्याच घरात शनिवारी चूल थंड असते." लोक हसले. झुंबर पहिल्या रांगेत बायकांत बसली होती. ती उठून गेली नाही. खाली बघत बसली. त्या दिवसापासून तिनं शनिवार सोडला, आणि माझ्याशी वाद घालणंही सोडलं. मी ते माझ्या प्रबोधनाचं यश समजलो.

आता सतरा सालाकडे येतो. जूनमध्ये आक्का तिला घेऊन डॉक्टरकडे गेली. गोळी सुरू झाली. मी रेल्वेत ड्यूटीवर, मला काही माहीत नाही. ३१ ऑगस्टला रिटायर झालो आणि दुसऱ्या दिवसापासून घराचा ताबा घेतला. तसंच म्हणायला हवं. तिच्या गोळ्यांची डबी माझ्या हातात घेतली. "तुला वाचता येत नाही, चूक होईल," असं म्हणालो.

२ सप्टेंबरला शनिवार होता. मी गोळी पुढे केली. ती म्हणाली, "आज न्हाई. आज खाडा."

"कसला खाडा?"

"शनवार-रयवार गोळी खायची न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"मेडिकलवाल्या काकांनी सांगितलं."

बाजारातले गोपाळकृष्ण काका तुला आठवत असतील. कपाळाला टिळा, शनिवारी दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची. माझ्या डोक्यात सगळं पटकन जुळलं. मारुतीचा वार, टिळेवाला माणूस, आणि झुंबरचा जुना शनिवार. मी म्हणालो, "औषधाला वार नसतो."

ती म्हणाली, "डाक्टरबी तसंच म्हनलं व्हतं."

मी म्हणालो, "डॉक्टर असं कधी सांगेल का? काय बोलतेस तू?"

तरी कागद बघितला. खोटं कशाला सांगू, बघितला. गोळीच्या नावापुढे लिहिलं होतं, ५/७. कागद जूनचा होता. मी समजलो की पाच जुलैला पुन्हा दाखवायला बोलावलंय. आणि ती तारीख तर उलटूनच गेली होती.

पाच भागिले सात. सातांतले पाच दिवस. ही गोळी शरीरातून फार हळू निघते म्हणून आपल्याकडचे डॉक्टर दोन दिवस खाडा देतात. शनिवार-रविवार सांगतात, कारण ते लक्षात राहायला सोपं. बस्स, एवढंच होतं.

चौतीस वर्षं मी सिग्नल खात्यात होतो. फोनवर निरोप आला की ऐकणाऱ्यानं तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, तिकडच्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. मी कधी निरोप परत म्हटल्याशिवाय एक तार जोडली नाही. आणि दुकान दहा मिनिटांवर होतं. जाऊन एक प्रश्न विचारायचा होता. टिळेवाल्याला प्रश्न विचारणं मला कमीपणाचं वाटलं.

झुंबरनं गोळी घेतली. पुन्हा माईकवर नेईल, अशी भीती तिला वाटली असेल का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी, दर रविवारी मी स्वतःच्या हातानं गोळी दिली. ऑक्टोबरात तिचं जेवण तुटलं, मळमळ होऊ लागली. मग खोकला झाला, आणि तू अँटिबायोटिक सांगितलंस. १४ ऑक्टोबरला धम्मचक्र दिनाची उर्स्याला सभा होती. त्या दिवशीही शनिवार. तिथे पोचल्यावर झुंबर मंडपाकडे बघून म्हणाली, "अवो, झेंडं हिरवं का लावल्यात?" झेंडे निळेच होते. आक्का म्हणाली, "आगं, निळं हायत ते." मी म्हणालो, "निळ्याला हिरवं म्हणायला लागलीस? माझी रेल्वेतली नोकरी संपली, आता हिरवा झेंडा तू दाखव." बायका हसल्या, तीही हसली. आज मला माहीत आहे की या गोळीचं विष झालं की डोळ्यांपुढे पिवळा रंग येतो, आणि पिवळ्यातून निळं हिरवं दिसतं. तिला खरोखर हिरवं दिसत होतं.

मंडपाच्या मागे मी तिला त्या दिवसाची गोळी दिली. ती कुजबुजली, "आज शनवार हाय." मग मी स्टेजवर गेलो आणि तोच विषय घेतला. "बंधूंनो, भगिनींनो, औषधाला वार नसतो!" एवढ्या टाळ्या मला त्याआधी मिळाल्या नव्हत्या.

पुढचं तुला माहीत आहे. तू रात्रीच्या गाडीनं आलीस, आपण तिला तळेगावला नेलं, मंगळवारी ती गेली.

तर अँटिबायोटिकच्या आधी दीड महिना मी तिला विष भरत होतो. पुरावा हा. आता ती जागा घे.

आबा


कुसगाव,
१९ सप्टेंबर २०२५

प्रतीक्षा,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी वाट बघत होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी घाबरलो होतो. मागच्या पत्रात मी "पुढचं तुला माहीत आहे" असं लिहिलं. तुला माहीत नाही. मी पुन्हा लपवलं.

आधी कालचं सांगतो. यंदाच्या चौदा ऑक्टोबरचं बोलावणं घेऊन प्रदीप आला होता. उर्स्याच्या मंडळाचा अध्यक्ष तो. म्हणाला, "भाऊ, ते औषधाला वार नसतो घ्याच ह्या टायमाला. पोरं व्हिडिओ काढनार हायत." आठ वर्षं लोक मला ते वाक्य ऐकवतात, आणि आठ वर्षांत मी ते एकदाही उच्चारलेलं नाही. प्रदीप गेल्यावर मला वाटलं, हीच वेळ आहे. त्याच स्टेजवर उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. आक्काला तुला लिहिलेलं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, डोळे पुसत होती. शेवटी मी म्हणालो, "आक्का, हे मी चौदा तारखेला स्टेजवर कबूल करणार आहे."

ती ताडकन म्हणाली, "कशापायी?"

"लोकांना कळायला पाहिजे."

"लोकास्नी? आन् मंग रडतील समदी, व्हय ना? म्हनतील, काय मानूस हाय, सवताची चूक सांगतूय. टाळ्या पायजेत व्हय रं तुला, रतन? बायको मेली तरी टाळ्याच पायजेत?" मग म्हणाली, "जिचं द्यायचं हाय तिला दे आदी. दवाखान्यात काय झालं त्ये सांगितलंस का पोरीला? म्या दारात हुभी हुती. म्या ऐकलंय."

आठ वर्षं आक्काला माहीत होतं. मी विचारलं, तू का नाही बोललीस. म्हणाली, "तुज्या तोंडातनं येऊ दे म्हनलं. येईल, येईल म्हनत बसले."

तर ऐक.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तळेगावच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, ते तरुण सरदारजीसारखी दाढी असलेले, मला बाजूला घेतलं. तू पाण्याची बाटली आणायला गेली होतीस. ते म्हणाले, "डिगॉक्सिनची पातळी फार वर आहे. आठवड्यातून पाचच दिवस देत होतात ना?"

त्या क्षणी मला ५/७ वाचता आलं.

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. ज्या माणसाला दोन तास बोलायला कागद लागत नाही त्याला दुसरा शब्द सुचला नाही. ते म्हणाले, "मग काहीतरी दुसरं कारण असणार," आणि त्यांनी पिशवीतल्या गोळ्या पलंगावर ओतल्या. अँटिबायोटिकचं पाकीट उचललं. "हे कुणी सुरू केलं?" तेवढ्यात तू दारात आलीस. तू म्हणालीस, "मी." लगेच म्हणालीस. माझ्यासारखी थांबली नाहीस.

त्यांनी तुला काय सांगितलं ते मी ऐकत उभा होतो. तुझ्या हातातली बाटली तू शेवटपर्यंत खाली ठेवली नाहीस. मी तिथे बोलू शकलो असतो. मंगळवारी, दहनानंतर, बोलू शकलो असतो. तू हैदराबादला निघालीस तेव्हा लोणावळा स्टेशनवर मी तुझी बॅग धरली होती, तेव्हाही. दर वर्षी असा एक तरी दिवस आला, आणि मी तो घालवला. स्वतःला समजावलं की अँटिबायोटिकही खोटं नाही, शास्त्रात लिहिलेलंच आहे. शास्त्राच्या आड मी असा लपलो, जसा एखादा बुवा मूर्तीआड लपतो.

अंधश्रद्धेविरुद्ध बोललो त्याचा मला पश्चात्ताप नाही. उद्याही बोलेन. पण झुंबर त्या दिवशी शास्त्र सांगत होती आणि मी अडाण्यासारखा नकार देत होतो. ते ओळखण्यासाठी तिचं म्हणणं ऐकावं लागलं असतं.

प्रदीपला नकार कळवला. यंदा बोलणार नाही. हे फक्त तुला लिहिलंय. तीस तारखेला अकरा दिवस आहेत. मला माफ कर असं लिहीत नाही. तुझ्या डोक्यावरचं माझं ओझं मी परत मागतोय.

आबा


कुसगाव,
३० सप्टेंबर २०२५

प्रिय प्रतीक्षा,

तू परवा येऊन गेलीस, तरी लिहितोय. आपलं लिहिण्याचं ठरलंय.

तुझं पंचवीस तारखेचं पत्र मी आक्काला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्या ओळीला नमस्कार नाही, आबा नाही. "किती शनिवार, किती रविवार? तारखा लिहून ठेवा. आईची फाइल शोधा. रविवारी येते." मी कॅलेंडर काढून बसलो. सात शनिवार, सहा रविवार. तेरा गोळ्या.

तू आलीस, चहा घेतला नाहीस, फाइल उघडलीस. आक्का मुद्दाम आत जाऊन भांडी वाजवत बसली. तू कागदावर काहीतरी मांडत होतीस आणि मी समोर, नापास होणाऱ्या पोरासारखा. मग तू म्हणालीस, "तेरा गोळ्यांनीच गेली असती असं सांगता येत नाही. सहा दिवसांच्या अँटिबायोटिकनंच गेली असती, असंही नाही. हे बघा, दाखल केल्या दिवशीचा किडनीचा रिपोर्ट. ती आधीच थकली होती. जूनमध्ये कुणी तपासलीच नाही. तिन्ही मिळून झालं."

मी म्हणालो, "म्हणजे तू सुटलीस."

"नाही सुटले. माझं आहेच त्यात. तुमचंही आहे. पण आठ वर्षं मी सगळंच्या सगळं एकटीचं धरून बसले होते. आकडाच चुकीचा होता."

"दवाखान्यात खरं सांगितलं असतं तर..."

"तर ती वाचली नसती. उपचार तोच झाला असता. मला त्या दिवशी कळलं असतं, एवढंच." मग तू माझ्याकडे पहिल्यांदा बघितलंस. "एवढंच म्हणजे किती, ते कळतंय का तुम्हाला? आठ वर्षं झोपलात कसे, आबा?"

मी म्हणालो, "भाषणं करत होतो."

तू रडलीस, की हसलीस, मला समजलं नाही. आतली भांडी थांबली.

मग तू सांगितलंस की पुण्याच्या लोकांना तू होकार देणार आहेस, पण एक अट घालून. नवा रेणू शोधणाऱ्या गटात तुला बसायचं नाही. ज्या घरात वाचता येत नाही, त्या घरात ५/७ कसं पोचतं, आणि रक्त-किडनी बघून ज्याचा त्याचा डोस खेड्यातल्या दवाखान्यात कसा ठरवता येईल, ते काम तुला करायचं आहे. मानलं तर ठीक, नाहीतर हैदराबाद. मी तोंड उघडलं. तू बोट वर केलंस. मी मिटलं. आज दुपारी आक्काच्या फोनवर निरोप आला की त्यांनी मानलं. तू तो मला न सांगता तिला सांगितलास, हेही मला समजलं.

तू सांगितलेलं केलंय. काल गोपाळकृष्ण काकांच्या दुकानात गेलो. ते ऐंशीच्या पुढचे झालेत, मुलगा दुकान बघतो. मी माझा कागद पुढे केला आणि प्रत्येक गोळी कधी, किती, कुठल्या दिवशी, ते त्यांना विचारलं, आणि मग ते सगळं परत म्हणून दाखवलं. एके ठिकाणी चुकलो. त्यांनी "नाही, ही जेवणानंतर" म्हटलं. मागे रांग लागली होती, कुणीतरी म्हणालं, "भाऊ, आज सभा हितंच घेतली का?" तिथून निघता निघता मी काकांना झुंबरचं सांगितलं. फार नाही, तीन वाक्यं. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं त्यांना." मी म्हणालो, "हो. तिनं मला सांगितलं होतं."

एक गोष्ट राहिली, ती तिथे बोलता आली नाही म्हणून लिहितो. निघताना तू दारात चप्पल घातलीस आणि परत आत आलीस. म्हणालीस, "हात द्या." मी काही विचारणार तोच म्हणालीस, "तुमचे ठोके सारखे नाहीत. पंधरा सेकंद मोजून चौपट करता येत नाही. पूर्ण मिनिट लागतं. बोलू नका."

मी बोललो नाही. तू घड्याळाकडे बघत होतीस, मी तुझ्या बोटांकडे. मिनिट संपलं. तू म्हणालीस, "ब्याण्णव," आणि हात सोडलास. आक्कानं आतून विचारलं, "बरा हाय का त्यो?" मग म्हणालीस, "पुन्हा मोजते," आणि परत हात धरलास.

पहिल्या वेळी तू मोजण्यात चुकली होतीस, असं मला वाटत नाही.

तुझा,
आबा